वर्ग सोडावासा वाटतोय: शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषद, नगरपालिका, अनुदानित संस्था, इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा, सगळीकडचे शिक्षक हे प्रश्न विचारतात. विचारताना बरेच जण आधी म्हणतात, ‘कुणाला सांगू नका हं.’ लाजण्यासारखं यात काहीही नाही, म्हणूनच हे उघडपणे लिहिते आहे. मी स्वतः वर्गावर शिकवलं आहे आणि आता शिक्षकांसोबत काम करते. सोडा किंवा राहा, असा सल्ला मी देत नाही. आपल्याला मुलं थकवतायत की मुलांभोवतीचा कारभार, हे आधी ओळखा, एवढा मात्र माझा आग्रह आहे. दोन्हींवरचे मार्ग वेगळे आहेत, आणि ते न ओळखता दिलेला राजीनामा बऱ्याचदा त्याच त्रासाच्या दुसऱ्या दारात नेऊन सोडतो.

हा नुसता थकवा आहे की बर्नआउट?

सहामाही, स्नेहसंमेलन, निकालपत्रकं या दिवसांत सगळेच दमतात आणि सुट्टीत सावरतात. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि तरी अंगात त्राण नाही, असं असेल तर थांबून बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या दीर्घकाळ न आवरलेल्या तणावातून येणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

शिक्षक पहिली खूण मोकळेपणाने सांगतात. दुसरी लपवतात. चौथीतल्या मुलीने भागाकारात मधला शून्य का गाळला हे समजून घ्यायला तिच्या शेजारी बसणाऱ्या बाई आता लाल रेघ मारून पुढची वही ओढतात. कालपर्यंत गैरहजर मुलाच्या घरी फोन करणारे सर आता त्याचा रकाना भरून मोकळे होतात. असं झालं की माणूस स्वतःला वाईट शिक्षक ठरवतो. ही अवस्था बहुतेकदा त्यांनाच गाठते ज्यांनी आधी जीव ओतलेला असतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासा. स्त्री-शिक्षकांचा ‘मानसिक’ म्हणून ढकललेला थकवा रक्तातल्या लोहाचा असू शकतो. झोप उडाली असेल, कारण नसताना रडू येत असेल, कशातच रस उरला नसेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. जगणंच नको असा विचार मनात येत असेल तर हे पान बाजूला ठेवा, आत्ताच तो फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. नोकरीचा निर्णय नंतर घेता येईल.

मुलं आवडतात, पण शाळेत जावंसं वाटत नाही. हे कसं काय?

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

द्विशिक्षकी शाळेतला एक साधा दिवस घ्या. साडेदहाला परिपाठ. तेवढ्यात निरोप येतो की मुख्याध्यापकांना तालुक्याला तातडीची बैठक आहे. आता पहिली ते चौथी एकट्या बाईंकडे. पहिलीतली मुलं ‘क’ गिरवतायत, तिसरीला हातच्याची वजाबाकी अडलीय, आणि स्वयंपाकीण ताई दारात उभ्या आहेत, कारण तांदूळ मोजून द्यायचा आहे. खिचडी शिजली की चव घेऊन रजिस्टरला नोंद करायची, पोषण आहाराची संख्या ॲपवर भरायची. रेंज नाही म्हणून मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं. दुपारी ग्रुपवर मेसेज: ‘अति तातडीचे. सोबतची लिंक आजच ५ वाजेपर्यंत भरावी. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.’ लिंकमध्ये विचारलेली माहिती मागच्या महिन्यात यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरलेलीच असते. मग मुलांच्या आधारची पडताळणी, कुणाच्या नावात एक काना जास्त म्हणून ते जुळत नाही. रात्री दहाला पुन्हा मेसेज, उद्याच्या उपक्रमाचे फोटो अपलोड करायचे आहेत.

या दिवसात शिकवणं किती झालं? बाईंना शिकवण्याने थकवलेलं नाही. शिकवू न दिल्याने थकवलं आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना फक्त तीन प्रकारची अशैक्षणिक कामं देता येतात: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे किमान आठवडी तास ४५ धरले आहेत, पाठाची तयारी धरून. टाचण काढणं, वह्या तपासणं, साहित्य बनवणं हे घरी नेण्याचं काम नाही, ते या ४५ तासांत बसायला हवं, असा त्याचा सरळ अर्थ आहे. तसं कुठे घडतं, हा प्रश्न शिक्षकांनी मोठ्या आवाजात विचारला पाहिजे.

मग अशैक्षणिक कामाला नाही म्हणता येतं का?

निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला सरळ नकार देऊ नका. मतदार यादीच्या कामात कसूर केल्याबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. जनगणना २०२७ चं काम समोर आहे आणि त्यात शिक्षक असणारच. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे की मतदार याद्यांचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं. शाळेच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत शक्यतो देऊ नये. बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून) नेमणूक आली तर या निकालाचा उल्लेख करून लेखी विनंती करा.

बाकीच्या कामांबाबत माझा अनुभव असा की तोंडी वाद घातलेला माणूस एकटा पडतो, आणि कागदावर मागणी करणारा टिकतो. काम सांगितलं की लेखी आदेश मागा, जावक क्रमांकासह. ‘या कामामुळे अमुक दिवशी अमुक वर्ग शिक्षकाविना राहील, पर्यायी व्यवस्था व्हावी’ एवढं एक वाक्य लिहून आवक शिक्का घ्या. केंद्रातल्या, म्हणजे आपल्या शाळासमूहातल्या, सगळ्या शाळांनी मिळून तेच पत्र दिलं तर ते एका शिक्षकाचं गाऱ्हाणं राहत नाही. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला आहे. पत्राला त्याचा आधार जोडता येतो.

रात्रीच्या मेसेजचं काय? शाळेचा ग्रुप संध्याकाळी सातनंतर म्यूट करा आणि मुख्याध्यापकांना तसं सांगून ठेवा: खरंच आणीबाणी असेल तर फोन करा. फोन क्वचितच येतो.

टीईटीबद्दलच्या (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलच्या) न्यायालयाच्या निकालामुळे झोप उडाली आहे. आता राजीनामाच द्यावा का?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, त्यासाठी दोन वर्षांची मुदत. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे.

वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणं मनाला लागतं. ती चीड रास्त आहे. पण भीतीपोटी राजीनामा देऊ नका. राजीनाम्याने तुमचं जे जाईल, ते परीक्षेत एकदा नापास झाल्याने जात नाही. तालुक्यातल्या चार-पाच जणांनी मिळून अभ्यासगट केला तर बालमानसशास्त्राचा भाग फार अवघड जात नाही. गणित आणि परिसर अभ्यास तर आपण रोज शिकवतो.

सोडण्याआधी मोठी रजा घेऊन बघावी का?

हो. शक्य असेल तर नक्की घ्या. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस खात्यावर जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. अनेक शिक्षकांच्या खात्यात ही रजा वर्षानुवर्षं पडून असते, आणि सेवापुस्तक बघितल्याशिवाय ते कळतच नाही. मुलं लहान असलेल्या महिला शिक्षकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. शेवटचा पर्याय असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. ती वैद्यकीय कारणाशिवाय घेतल्यास पुढे पेन्शनच्या सेवेतून वजा होऊ शकते, म्हणून आधी कार्यालयात विचारा.

रजेत पहिले दहा-बारा दिवस काहीही ठरवू नका, फक्त झोपा. त्यानंतर स्वतःकडे बघा: शाळेची आठवण येते तेव्हा नेमकं काय आठवतं? मुलांचे चेहरे आठवून बरं वाटत असेल आणि कार्यालय आठवून पोटात गोळा येत असेल, तर शाळा किंवा पद बदलण्याचा विचार करा. मुलांचा गलका आठवूनच धडधडत असेल तर वर्गाबाहेरचं काम शोधणं योग्य.

अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची नोकरी सोडली तर पेन्शनचं काय?

इथे घाई फार महाग पडते, म्हणून सविस्तर सांगते.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्ती झालेल्यांना जुनी पेन्शन लागू आहे. नुसता राजीनामा दिला तर आधीची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनसाठी ती धरलीच जात नाही. त्याऐवजी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. त्यासाठी २० वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. तारखांचा हिशेब केला तर या गटातल्या बहुतेकांनी २० वर्षं ओलांडलेली आहेत, पण सेवाखंड आणि बिनपगारी रजा वजा होऊन आकडा किती उरतो ते सेवापुस्तकावरून काढा. काही महिने कमी पडत असतील तर ते काढणंच शहाणपणाचं.

त्यानंतर लागलेल्यांचे पैसे एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत असतात. ते बुडत नाहीत, खातं तुमच्या नावावर राहतं, पुढेही चालू ठेवता येतं. पण मुदतीआधी बंद करून पैसे काढायला गेलात तर मोठा हिस्सा ॲन्युइटीत (ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत) अडकतो आणि हातात थोडं येतं. आणखी एक गोष्ट: सुरुवातीच्या वर्षांची डीसीपीएसची (एनपीएसच्या आधीच्या अंशदायी पेन्शन योजनेची) कपात हिशेबासह एनपीएस खात्यात वर्ग झाली आहे का, हे नोकरीत असतानाच लेखी विचारा. बाहेर पडल्यावर त्या कार्यालयात तुमची फाइल कुणी शोधणार नाही.

दुसऱ्या सरकारी पदावर निवड झाली असेल तर अर्ज रीतसर मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत केलेला हवा. मग तांत्रिक राजीनामा देता येतो आणि मागची सेवा जोडली जाते. परवानगी न घेता परस्पर परीक्षा दिलेल्यांचं इथेच अडतं.

खाजगी शाळेतून राजीनामा नियमाने कसा द्यायचा?

मान्यताप्राप्त खाजगी शाळांना, मग अनुदान असो वा नसो, १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. त्यानुसार राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टसोबत नोंदणीची सुविधा मागा आणि पावती जपा.

नोटीस कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची, कायम नसलेल्याला एक महिन्याची. सुट्टीत किंवा सुट्टीचा काही भाग नोटीसीत येईल अशा रीतीने नोटीस देता येत नाही, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरातही नाही. म्हणजे मे महिन्यात मन मोडलं म्हणून जूनमध्ये पत्र, असं चालत नाही. कॅलेंडर समोर ठेवून तारीख ठरवा.

रुजू होतानाच कोऱ्या किंवा बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी आहे. अशी सही देऊ नका. दिली असेल आणि तिचा वापर करून तुम्हाला काढलं, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ही मुदत लोक ‘बोलून बघू’ म्हणत घालवतात. तसं करू नका. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ठेवून घेतली असतील तर ती नोटीस देण्याआधी, काहीतरी निमित्त काढून का होईना, परत मागा, आणि मागणी लेखी करा.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळते का?

पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. शिक्षकांना ती २००९ च्या दुरुस्तीने मिळाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्यामुळे ‘शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते’ असं ऑफिसातून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. २६,००० रुपये आणि ८ वर्षं असतील तर १,२०,००० रुपये.

पीएफ काढून घेण्याची घाई करू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि दहा वर्षं पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क येतो. नवीन नोकरीत त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम खाते क्रमांकावर) वर्ग करून घ्या.

शिक्षणसेवक आहे, किंवा विनाअनुदानित शाळेत वाट बघतोय. अजून किती थांबू?

शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा असतो आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं आहे. घरापासून तीनशे किलोमीटरवर खोली करून राहणाऱ्याला ते पुरत नाही, मान्य आहे. तरी शेवट ठाऊक असलेली ही वाट आहे. तब्येत साथ देत असेल तर पूर्ण करा.

विनाअनुदानित किंवा घड्याळी तासिकेवरची वाट तशी नाही. ‘पुढच्या अधिवेशनात अनुदानाचा टप्पा वाढणार’ या आशेवर माणसं पंचविशीतून चाळिशीत गेलेली मी पाहिली आहेत. शनिवार-रविवार हॉटेलात, शेतात, दुकानात काम करून सोमवारी भौतिकशास्त्र शिकवणारे हे शिक्षक आहेत, आणि त्यांच्यावर झालेला अन्याय शब्दांत मावत नाही. त्यांना मी एवढंच सुचवते: एक तारीख ठरवा, ती जोडीदाराला सांगा. नेमणुकीला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आहे का, शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) आहे का, संच मान्यतेत (विद्यार्थिसंख्येवरून मंजूर झालेल्या पदांत) पद बसतं का, या तिन्हींची उत्तरं कागदावर मिळवा. तारखेपर्यंत तिन्ही ‘हो’ नसतील तर निघा. यात हार नाही.

पण मला शिकवण्याशिवाय येतं काय?

हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. तुमचा नाही, तुम्हाला असं वाटायला लावणाऱ्यांचा. साठ मुलांचं लक्ष पस्तीस मिनिटं धरून ठेवणं, अवघड गोष्ट तीन वेगळ्या पद्धतींनी समजावणं, चिडलेल्या पालकाला शांत करून चहा पाजून पाठवणं, वर्षाचं नियोजन जूनमध्ये बसवून मार्चमध्ये संपवणं, सहलीला दोन बसभर मुलं नेऊन तेवढीच परत आणणं. दुसऱ्या क्षेत्रांत या प्रत्येकासाठी पगारी माणूस नेमतात.

बायोडेटात मात्र हे ‘इयत्ता ५ वी ते ७ वीला अध्यापन’ एवढ्या एका ओळीत पुरलं जातं. तिथे केलेलं काम लिहा: शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी कशी घेतली, शाळा सोडलेली मुलं परत कशी आणली, किती शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, लोकवर्गणीतून शाळेसाठी काय उभं केलं. आकडे तुमचे स्वतःचे आणि खरे असू द्या.

कोणत्या कामांकडे वळता येतं?

तुम्हाला काय थकवतं यावर ते ठरवा. कारभाराने थकलेल्याने केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होण्याच्या मागे लागू नये. तिथे पोर्टल, अहवाल आणि बैठकाच वाढतात. मुलांच्या गोंगाटाने थकलेल्याला, पण व्यवस्थेत रस असलेल्याला, तीच वाट चांगली. केंद्रप्रमुखासाठी मर्यादित विभागीय परीक्षा असते. एमपीएससीतून महाराष्ट्र शिक्षण सेवेत जायचं तर वयाची अट बघा, खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३.

मुलं हवीत, पण कमी आणि जवळून, असं वाटत असेल तर विशेष शिक्षण बघा. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असा निकष आहे आणि माणसं फार कमी आहेत. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. दोन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटने ती मिळत नाही. समुपदेशनाचंही तसंच. मानसशास्त्राची रीतसर पदवी घ्या. ‘मुलं माझ्याशी मन मोकळं करतात’ ही सुरुवात झाली, पात्रता नव्हे.

शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थांना वर्ग पाहिलेली माणसं हवी असतात. मुंबईत सुरू झालेली प्रथम, पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट, ग्राममंगल ही ठिकाणं बघा. पगार अनुदानित शाळेपेक्षा कमी असू शकतो, फिरती असते, पण शिकवण्याबद्दल बोलणारे सहकारी मिळतात, आणि कित्येकांना नेमकी त्याचीच भूक असते. लेखनाकडे कल असेल तर पाठ्यपुस्तकं, स्वाध्याय पुस्तिका, भाषांतर, मुलांची मासिकं आहेत. अभ्यासक्रम बदलत असताना हे काम वाढतं.

ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांबद्दल जपून. बायजूजसारखी मोठी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्याआधी हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय अनेक जाहिरातींमध्ये ‘शैक्षणिक सल्लागार’ म्हणजे फोनवरून कोर्स विकणारा माणूस असतो. मुलाखतीत थेट विचारा: महिन्याचं विक्रीचं टार्गेट आहे का? परदेशातल्या मराठी मुलांना घरबसल्या मराठी शिकवणं हा छोटा पण समाधानाचा उद्योग काही जणींनी उभा केला आहे. वेळा रात्री-पहाटेच्या असतात, तेवढं लक्षात ठेवा.

नोकरीत राहून शिकवण्या घेऊन अंदाज घेऊ का?

नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीला मनाई आहे. अंदाज घ्यायचाच तर सुट्टीत एखाद्या संस्थेत बिनमोबदला काम करा, लेखन करा, कोर्स करा. मोबदल्याचं काही असेल तर परवानगी घ्या.

घरचे म्हणतात, एवढी चांगली नोकरी कोण सोडतं?

त्यांना चिडवू नका, ते घाबरलेत. त्यांना दिसतो तो पगार, सुट्ट्या आणि गावातला मान. रविवारी संध्याकाळपासून छातीत बसणारा दगड त्यांना दिसत नाही. तो एकदा नीट सांगा, आणि सोबत कागद ठेवा: महिन्याचा खर्च, कर्जाचे हप्ते, मुलांची फी, आरोग्य विमा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर ते सर्वांत वर लिहा, कारण ते पगारातून कापलं जातं आणि जामीनदार तुमचेच सहकारी असतात. नवीन उत्पन्न सुरू होण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, विनाअनुदानितवाल्यांना हे जमणं कठीण आहे, त्यांनी आधी नवीन काम पक्कं करूनच निघावं.

मुलांना सोडून जाणं म्हणजे विश्वासघात नाही का?

नाही. सत्र पूर्ण करा, नोंदी नीट सोपवा, कुणाला वाचताना अडतं आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे पुढच्या शिक्षकाला बसून सांगा. मुलांशी तुमचं नातं इथपर्यंत बांधील आहे. मन विटलेला शिक्षक वर्षानुवर्षं वर्गात उभा राहणं हे मुलांच्या हिताचं नाही, आणि त्या शिक्षकाच्या तर नाहीच.

सोडल्यावर परत येता येईल का?

खाजगी शाळांत सहज. जिल्हा परिषदेत मात्र जुनी जागा राखीव राहत नाही. टीईटी, अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं नव्याने, वयाच्या अटीसकट, आणि ज्येष्ठता शून्यापासून.

मी मुख्याध्यापिका आहे. माझ्या शाळेतली एक चांगली शिक्षिका सोडायचं म्हणते. काय करू?

‘सगळ्यांनाच त्रास आहे’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. तिला विचारा, या शाळेतलं कोणतं एक काम काढून घेतलं तर तुला श्वास घेता येईल? उत्तर बहुतेक वेळा नेमकं असतं: पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, रोज शेवटचा तास, एखादा त्रासदायक पालक. ते काम त्याच आठवड्यात काढून घ्या, स्वतःकडे घ्यावं लागलं तरी. वेळापत्रकात तिचे ऑफ तास खरंच मोकळे ठेवा, बदली तासांनी भरू नका. महिन्यातून एकदा तिच्या वर्गात जाऊन बसा, तपासणीची वही न नेता, आणि जे चांगलं दिसलं ते तिला त्याच दिवशी सांगा. एवढं करूनही ती जायचं म्हणाली तर अनुभव प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचा आदेश आणि हिशेब वेळेत द्या, आणि स्टाफसमोर तिचा निरोप समारंभ करा.